आमदार चषक तर जिंकला, मग आपली टीम लीगमध्ये का नाही?

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी मुंबईत वानखेडेवर येऊन गेला आणि फुटबॉल पुन्हा गावागावात बोलण्याचा विषय झाला. राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ या फुटबॉल योजनेत निवडलेली 13 वर्षांखालची मुलं-मुली त्याच सुमारास टीव्हीवर दिसली. त्याच वर्षी देशातली सगळ्यात वरची लीग, म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग), महिनोन् महिने खोळंबली होती, तेही लोकांनी वाचलं. यातून एक साधा प्रश्न विदर्भात वरूडपासून अहेरीपर्यंत विचारला जातो: आमच्या गावची टीम तालुक्यातले सगळे चषक मारते, मग ती ‘लीग’मध्ये का नसते? त्या लीगमध्ये जायचा रस्ता कुठून आहे?

रस्ता आहे. पण तो मैदानापेक्षा कागदांतून, कॅलेंडरातून आणि गाडीभाड्यातून जास्त जातो.

चषक वेगळा, लीग वेगळी

आपल्याकडे टुर्नामेंट म्हणजे बहुधा नॉकआउट. एक हरलं की घरी. सोळा संघ आले तर पंधरा सामन्यांत निकाल लागतो. त्यातल्या आठ संघांच्या वाट्याला एकेकच सामना येतो. मैदान सात-सात जणांचं, वेळ वीस-वीस मिनिटं, बरोबरी झाली की पेनल्टी. आयोजकाला हे परवडतं. मंडप तीन दिवस, पाहुणे शेवटच्या दिवशी, बक्षीस रोख.

लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो. हरलात तरी पुढच्या रविवारी यायचंच. कापसाचा हिशोब जसा एका वेच्यावर होत नाही, पहिला, दुसरा, फरदडीचा असं सगळं वजन धरूनच वावर किती पिकलं ते कळतं, तसा लीगचा निकाल सगळ्या सामन्यांची बेरीज करून लागतो. एखाद्या दिवशी गोलकीपरला ताप होता म्हणून वर्ष वाया जात नाही. उलट, एक दिवस फॉर्मात आलेला संघ नुसत्या नशिबावर वर चढत नाही.

सोळा वर्षांच्या खेळाडूला तयार व्हायला कोणती पद्धत बरी, याचं उत्तर उघड आहे. चषकात पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघाला वर्षभरात चार-पाच सामने मिळतात. आठ संघांच्या लीगमध्ये सगळ्यात खाली राहणाऱ्यालाही सात मिळतात, आणि तेही आपल्यापेक्षा भारी संघांशी.

उतरंड कशी आहे

देशाचा फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघ चालवतो. तो 1937 साली स्थापन झाला. सगळ्यात वर आयएसएल, त्याखाली इतकी वर्षं आय-लीग या नावाने चाललेली दुसरी पायरी, मग आय-लीग 2 आणि 2023-24 पासून आय-लीग 3. त्याखाली राज्यं आणि राज्यांखाली जिल्हे. आपण बोलतोय ते या तळाबद्दल.

महाराष्ट्राचा कारभार ‘वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन’ म्हणजे विफाकडे आहे. ही संघटना 1911 ची, मुख्यालय मुंबईत कूपरेजला. विदर्भाच्या वाचकाचा गोंधळ होतो तो इथेच. क्रिकेटमध्ये विदर्भ स्वतंत्र आहे, स्वतःच्या नावाने तीन वेळा रणजी जिंकला आहे. फुटबॉलमध्ये तसं नाही. इथला खेळाडू संतोष करंडकात, म्हणजे राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तर महाराष्ट्राकडून, म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या पोरांशी स्पर्धा करून. त्यामुळे आपल्यासाठी पहिलं दार जिल्हा संघटनेचं.

जिल्हे सारखे नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. नागपूरला विभागवार लीगची जुनी परंपरा आहे. शेजारच्या कामठीत तर फुटबॉल हाच मोहल्ल्याचा खेळ. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत चित्र बरंच पातळ आहे. काही ठिकाणी जिल्हा संघाच्या निवड चाचणीपलीकडे फारसं काही होत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या संघटनेत यंदा लीग आहे का आणि नवीन संघाचे अर्ज कधी घेतात, हे सचिवांना विचारणं. नसेल तर तालुक्याची छोटी लीग आपणच उभी करता येते. ती कशी, ते आता पाहू, कारण मोठ्या लीगचं यंत्रही हेच आहे.

सहा संघ, पाच रविवार

सामने किती होतील याचा हिशोब सोपा: संघांची संख्या गुणिले त्यातून एक वजा, भागिले दोन. सहा संघांचे 15, आठांचे 28, दहांचे 45. परतीचे सामनेही ठेवले तर दुप्पट. पहिल्या वर्षी सहाच्या वर जाऊ नये.

वेळापत्रक करताना लोक चिठ्ठ्या टाकतात आणि तिसऱ्या रविवारी अडकतात, कारण उरलेल्या जोड्या जुळतच नाहीत. त्यापेक्षा संघांना आकडे द्या. वरच्या ओळीत 1, 2, 3 लिहा, खालच्या ओळीत त्यांच्याखाली 6, 5, 4. समोरासमोरचे खेळतील: 1-6, 2-5, 3-4. हा पहिला रविवार. आता 1 ला जागेवर ठेवून बाकीच्यांना घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक-एक घर सरकवा. वर 1, 6, 2 आणि खाली 5, 4, 3 येतात, म्हणजे दुसऱ्या रविवारी 1-5, 6-4, 2-3. असंच सरकवत गेलात की तिसऱ्याला 1-4, 5-3, 6-2. चौथ्याला 1-3, 4-2, 5-6. पाचव्याला 1-2, 3-6, 4-5. पंधरा सामने, एकही जोडी दोनदा नाही, एकही राहिली नाही. संघ पाच किंवा सात झाले तर एक आकडा ‘सुट्टी’ म्हणून धरायचा. ज्याच्यासमोर सुट्टी येईल तो त्या रविवारी मोकळा.

एका ग्राउंडवर दिवसाला तीन सामने बसतात. तीस-तीस मिनिटं आणि मध्ये दहा असे धरले तर सकाळी 8, साडेनऊ आणि 11. मोठ्यांच्या अधिकृत सामन्याची वेळ 90 मिनिटं असते, पण खालच्या पातळीवर स्पर्धेच्या नियमावलीतून ती कमी करता येते. बदली खेळाडूला परत मैदानात घेण्याची सवलतही देता येते, आणि गावपातळीवर ती द्यावीच. संघात कमीत कमी सात जण उभे असल्याशिवाय मात्र सामना सुरू होत नाही. नियम असाच आहे, त्यात सरपंचांच्या शब्दालाही किंमत नाही.

गुणतक्ता: न हरलेला संघ पुढे का राहत नाही?

विजयाला 3 गुण, बरोबरीला 1, हरल्यास 0. पूर्वी विजयाला 2 होते. इंग्लंडने 1981 मध्ये 3 केले, विश्वचषकात ते 1994 पासून आले.

या एका आकड्याने काय फरक पडतो बघा. सहा संघांच्या लीगमध्ये एक संघ दोन जिंकला, तीन बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही: 9 गुण. दुसरा तीन जिंकला, दोन हरला: तोही 9. जुन्या पद्धतीत पहिल्याचे 7 आणि दुसऱ्याचे 6 झाले असते. बरोबरी साधून वेळ काढणाऱ्याला शिक्षा आणि जिंकायला धावणाऱ्याला बक्षीस, असा हा बदल आहे. ‘आम्ही तर एकही हरलो नाही’ ही तक्रार दर हंगामात येते, म्हणून पहिल्या बैठकीतच हे उदाहरण फळ्यावर मांडून दाखवलेलं बरं.

गुण सारखे झाले की काय? गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा. तोही सारखा असेल तर केलेले गोल, किंवा त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल. क्रम कोणताही ठेवा, पण पहिला चेंडू मारण्याआधी तो लिहून सगळ्या कप्तानांच्या सह्या घ्या. शेवटच्या रविवारी ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलंच.

गोलफरकाचा एक धोकाही आहे. 1982 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला मैदानात उतरण्याआधीच माहीत होतं की जर्मनी 1-0 जिंकलं तर दोघंही पुढे जातात आणि अल्जेरिया बाहेर. अल्जेरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि नंतर दोघांनी चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी लावतात. तालुक्याला ग्राउंड एकच असलं तरी शेवटच्या रविवारी ज्या दोन सामन्यांवर विजेता ठरणार असेल त्यातला एक शाळेच्या पटांगणावर हलवा आणि दोन्हीची शिट्टी एकाच मिनिटाला वाजवा.

संघ मधेच सोडून गेला तर?

लीग मोडते ती बहुतेक वेळा इथे. दोन सामने हरलेला संघ तिसऱ्याला येतच नाही. न आलेल्या सामन्याचा निकाल साधारणपणे 3-0 असा समोरच्याला देतात, त्याला वॉकओव्हर म्हणतात. पण संघ कायमचाच गेला तर? बऱ्याच नियमावल्यांत असं असतं की त्याने निम्म्याहून कमी सामने खेळले असतील तर त्याचे सगळे निकाल पुसायचे, निम्मे किंवा जास्त खेळले असतील तर उरलेले 3-0 धरायचे. कारण सरळ आहे. ज्याने त्याला 6-0 हरवलं आणि ज्याला नुसता 3-0 मिळाला, त्या दोघांत गोलफरकाचा अन्याय होतो. संघ सुरुवातीलाच गेला असेल तर सगळं पुसणं जास्त न्याय्य.

यावर उपाय म्हणजे अनामत. प्रवेश फीपेक्षा अनामत मोठी ठेवायची, आणि सगळे सामने खेळणाऱ्याला ती शेवटच्या दिवशी हातात परत द्यायची. रोख बक्षीस कमी केलं तरी चालेल, हे आयोजकांना पटायला वेळ लागतो.

‘आमचे पोट्टे भारी आहेत, थेट वरच्या विभागात घ्या ना!’

जिल्ह्याची लीग मोठी असली की तिचे विभाग पडतात. नवा संघ सहसा सगळ्यात खालच्या विभागातून सुरू होतो. हंगामाच्या शेवटी खालचे पहिले एक-दोन वर जातात, वरचे शेवटचे एक-दोन खाली येतात. याला बढती आणि घसरण म्हणू. नामवंत संघालाही यातून सूट नसते, आणि लीगची खरी गंमत तीच. तक्त्याच्या तळाशी असलेल्या दोघांचा शेवटचा सामना अनेकदा विजेत्याच्या सामन्यापेक्षा जास्त चुरशीचा होतो.

थेट वर घ्यायचं तर कुणाला तरी न हरता खाली ढकलावं लागतं. म्हणून संघटना सहसा नाही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. तालुक्याचे पाच चषक तिच्या तक्त्यात कुठेच मोजले जात नाहीत. वरच्या टोकाला मात्र देशानेच हे तत्त्व उशिरा मानलं. आयएसएल 2014 मध्ये सुरू झाली, पण आय-लीग जिंकून तिथे चढणारा पहिला क्लब 2023 साली आला, तो पंजाबचा.

कागद: मंडळाचे आणि खेळाडूंचे

जिल्हा संघटना ‘गावची टीम’ ओळखत नाही, क्लब ओळखते. क्लब म्हणजे बहुधा नोंदणीकृत संस्था: कमीत कमी सात सदस्य, संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून. गावात गणेश मंडळ किंवा क्रीडा मंडळ आधीच नोंदलेलं असेल तर नवीन काढू नका. त्याच्या उद्देशांत खेळ आहे का ते घटनेत बघा. मात्र जुन्या मंडळाचा एक रोग असतो: कार्यकारिणी तीनदा बदलली आणि बदल अर्ज एकदाही दाखल नाही. मग कागदावर अध्यक्ष तेच, जे दहा वर्षांपूर्वी पुण्याला गेले. बँक नवीन सह्या घेत नाही, संघटनाही घेत नाही. हे निस्तरायला महिने लागतात, म्हणून हंगामाच्या तोंडावर नव्हे, उन्हाळ्यातच सुरुवात करा.

खेळाडूची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन केंद्रीय प्रणालीत होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. फोटो, ओळखपत्र, जन्माचा पुरावा. गाडी अडते ती जन्मतारखेवर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लिहिलेली, जन्माच्या दाखल्यावर पोळ्याच्या आसपासची तारीख आणि आधारवर नुसतं वर्ष. तीन कागदांत तीन तारखा असल्या की वयोगटाच्या स्पर्धेत अर्ज फेटाळला जातो, प्रसंगी वयचोरीचा शिक्काही बसतो. फिफा तर 17 वर्षांखालच्या स्पर्धेत 2009 पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय काढते. पोरगा बारा वर्षांचा असतानाच कागद जुळवून घ्या. सतराव्या वर्षी ते काम तिप्पट जड होतं.

दुसरी अडचण दोन नोंदणींची. शहरातल्या क्लबाने शिबिरात फॉर्मवर सही घेतलेली असते, पोराला त्याचा पत्ता नसतो, आणि गावच्या क्लबाकडून खेळायला गेला की ‘आधीच नोंदणी आहे’ असं उत्तर येतं. जुन्या क्लबाकडून मोकळीक घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फिफाच्या नियमाने एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, आणि अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात. नोंदलेल्या खेळाडूने विनापरवानगी बाहेरच्या चषकात खेळू नये असाही दंडक अनेक संघटनांत असतो. आणि भावाच्या नावावर खेळणं तर विसराच. सापडलं की खेळाडूवर बंदी येते आणि क्लबाचे गुण जातात.

गाडीभाडं आणि ग्राउंड

टीव्हीवर दिसणारी ‘होम’ आणि ‘अवे’ भानगड जिल्हा लीगमध्ये सहसा नसते. सगळे सामने जिल्ह्याच्या ठिकाणी एक-दोन मैदानांवर. पंच, सामना अधिकारी आणि डॉक्टर एकाच जागी मिळतात, म्हणून संघटनेला ते स्वस्त. खेड्यातल्या संघाला मात्र प्रत्येक सामना परगावचा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. अठरा जणांना दोन क्रूझर लागतात, आणि साठ-नव्वद मिनिटांच्या खेळासाठी अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळी. संघटनेकडे मागायची गोष्ट असेल तर ती ही: लांबच्या संघाचे दोन सामने शनिवार-रविवार जोडून लावा. फी माफ करण्यापेक्षा याने जास्त पैसे वाचतात, आणि संघटनेचा यात काहीच खर्च होत नाही.

आपल्या गावी ग्राउंड करायचं तर काळी माती हा मोठा शत्रू. पावसात फुगते, दिवाळीनंतर आकसते, आणि डिसेंबरात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. घोटा मुरगळतो तो त्यात. भेगा बारीक मातीने बुजवा, वर चाळलेल्या बारीक मुरमाचा थर द्या, पाणी मारून रोलर फिरवा. मध्यापासून दोन्ही कडांकडे हलका ढाळ ठेवा. पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं. सकाळी मारलं तर बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो.

गोलची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44, आणि दोन्ही आतल्या कडांपासून मोजायच्या. लोक निलगिरीच्या बल्ल्या रोवताना खड्डे 7.32 वर खणतात आणि बल्ली 12 सेंटिमीटर जाड असली की आतली जागा 7.20 च उरते. अशा बल्लीला खड्ड्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत 7.44 हवेत. मुरूम टाकल्यावर उंचीही कमी होते, तेव्हा आडवी बल्ली सगळ्यात शेवटी बांधा. कोपरे काटकोनात यायला दोरीला गाठी मारून 3, 4 आणि 5 मीटर बाजूंचा त्रिकोण ताणला की झालं. आणि आखणीला फक्कीच वापरा. कळीचा चुना डोळ्यात किंवा जखमेवर गेला तर भाजतं.

हंगाम कधी ठेवायचा?

शहरातल्या कॅलेंडरवर गावची लीग लावली की ती मोडणारच. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी. एप्रिल-मेमध्ये पारा 45 ला टेकतो आणि गडचिरोलीकडे तेंदूपत्ता सुरू होतो. सगळं वगळून उरतात जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात, त्यातही बारावीची परीक्षा. सहा संघ आणि पाच रविवार यासाठीच. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला शालेय सामने होतात, तेव्हा मोठ्यांनी पोरांचं मैदान अडवू नये. फेब्रुवारीअखेर दुपारचा सामना असेल तर दोन्ही अर्धात पाणी प्यायला खेळ थांबवा, नियमात तशी सोय आहे.

‘लीग खेळून सर्टिफिकेट मिळतं का?’

मिळतं. पण भरतीसाठी ते थेट कामाला येत नाही. सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण शासन निर्णयात बसणाऱ्या, किमान राज्य पातळीवरच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. आमदार चषकाचं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. लीगचा उपयोग एवढाच की जिल्हा संघाची निवड करणारे तिथे बसलेले असतात, आणि जिल्हा संघातून आंतरजिल्हा राज्य स्पर्धेचं दार उघडतं. शाळकरी पोरांचा रस्ता वेगळा आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा आणि 1960 पासून चालणारा सुब्रतो करंडक, दोन्हींत शाळेनेच नाव भरावं लागतं. शाळेने मुदतीत प्रवेशिका भरली का, हे पालकांनी जूनमध्येच विचारावं.

पोरगा मोठ्या क्लबात गेला, तर गावच्या क्लबाला काय?

फिफाचा एक नियम गावाच्या फायद्याचा आहे, पण तो फारच थोड्यांना माहीत असतो. व्यावसायिक खेळाडूला परदेशी क्लबाने पैसे मोजून घेतलं तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या प्रत्येक हंगामाला रकमेच्या 0.25 टक्के, पुढच्या प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. समजा रक्कम एक कोटी आहे आणि पोरगा चौदा-पंधराव्या वर्षी दोन हंगाम तुमच्याकडे होता, तर 50 हजार रुपये तुमचे. चेंडू आणि जाळ्या सुटतात. अट एकच: त्या दोन हंगामांत त्याची नोंदणी संघटनेशी संलग्न क्लबाच्या नावाने महासंघाच्या प्रणालीत झालेली असावी. वहीत लिहिलेली हजेरी आणि चषकातले फोटो यावर काही मिळत नाही.